‘जिन’ : एक उच्चार, अनेक शब्द

शिंदखेडा तालुक्यात कापसाची वेचणी सुरू झाली की एक शब्द सर्वांच्या तोंडी येतो. अहिराणीत तो ‘जिनमा’ असा ‘मा’ प्रत्यय घेऊन येतो, प्रमाण मराठीत ‘जिनमध्ये’ असा. शब्द इंग्रजी आहे हे बोलणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. परंतु याच उच्चाराचे निदान सहा निरनिराळे शब्द मराठीत वावरत आहेत, आणि कोशकाराने त्यांच्या किती नोंदी कराव्यात हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

प्रथम खानदेशी ‘जिन’ पाहू. कापसातील सरकी वेगळी काढून रुई मोकळी करणारे यंत्र, हा त्याचा मूळ यांत्रिक अर्थ. इंग्रजीत हा शब्द प्राचीन फ्रेंचमधील ‘आंजँ’ या शब्दाचे आद्याक्षर गळून सिद्ध झाला, आणि तो फ्रेंच शब्द लॅटिन ‘इंगेनिउम्’ या शब्दापासून निघाला. ‘इंगेनिउम्’ म्हणजे उपजत बुद्धी, प्रतिभा. यंत्राचा तेथे मागमूस नाही. बुद्धीपासून युक्ती, युक्तीपासून कावा, काव्यापासून सापळा, आणि दुसऱ्या अंगाने युक्तीपासून उपकरण, असा या शब्दाचा प्रवास झाला. म्हणूनच इंग्रजीत पारध्याच्या फाशालाही ‘जिन’ म्हणत, आणि वजन उचलण्याच्या तिवईलाही. मराठी वाचकास हा अर्थविकास परका वाटू नये. संस्कृत ‘कला’ या शब्दापासून झालेला आपला ‘कळ’ हा शब्द अगदी याच वाटेने चालला आहे: आधी कौशल्य, मग युक्ती, मग यंत्राची कळ. बटणाच्या कळीत यंत्राची छटा उरली.

आद्याक्षराचा लोपही मराठीस नवा नाही. ‘अरण्य’ शब्दाचे ‘रान’ झाले. ‘अरघट्ट’ शब्दाचा ‘रहाट’ झाला. हे दुसरे उदाहरण येथे विशेष शोभते, कारण रहाट हेही फिरते यंत्रच.

याच ‘इंगेनिउम्’पासून निघालेला, पण आद्य स्वर न गमावलेला शब्द म्हणजे ‘इंजिन’. तेव्हा खानदेशात जो ‘जिन’ वाफेच्या इंजिनावर चालू लागला, तो व्युत्पत्तीच्या दृष्टीने आपल्याच सख्ख्या भावाच्या बळावर चालत होता. एकच शब्द दोन रूपांनी उसना घेतल्याची इतकी स्वच्छ जोडी मराठीत क्वचितच सापडेल.

यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगणे पुरे. हाताने फिरवायच्या दोन लाटांची चरकी भारतात फार जुनी. अमेरिकेत ईली व्हिटनी याने १७९३ मध्ये दातेरी जिन तयार केला व १७९४ मध्ये त्याचा एकस्व हक्क मिळविला; पण त्याचे दाते आखूड धाग्याच्या देशी कापसास मानवत नसत. १८४० मध्ये मॅकार्थी याने एकस्व घेतलेला, चामड्याच्या लाटेचा व सुरीचा जिन येथे अधिक उपयोगी पडला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे मँचेस्टरला हिंदी कापसाची निकड भासली, त्याच दशकात लोहमार्ग खानदेशात आला, आणि १९०० साली ताप्ती खोऱ्यातील लोहमार्गाने शिंदखेडा-दोंडाईचा हा पट्टा थेट सुरतेशी जोडला गेला. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. म्हणजे या साऱ्या घडामोडींच्या अलीकडेच तिचे काम आटोपले होते. पुढील कोशकारांनी इंग्रजी उसनवारीकडे पाहिले ते बहुधा शहराच्या खिडकीतून. कचेरी, शाळा व न्यायालय यांतील शब्द त्यांनी टिपले. कापसाच्या आवारातील शब्दांकडे त्यामानाने त्यांचे लक्ष कमी गेले.

पण अर्थाची खरी वाढ याच आवारात झाली. इंग्रजीत ‘जिन’ हे यंत्र. खानदेशात तो प्रथम यंत्र, मग यंत्रांचा कारखाना, मग कारखान्याचे आवार, आणि अखेर कापूस विकण्याचे ठिकाण. १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि शेतकऱ्यांच्या गाड्या जिनच्या आवारातील खरेदी केंद्रावर जाऊन उभ्या राहू लागल्या, तेव्हा हा अखेरचा अर्थ पक्का होण्यास बळ मिळाले असावे. ती योजना आता इतिहासजमा झाली आहे. अर्थ मात्र राहिला. व्यापारी दारात येऊन कापूस मोजून घेतो ती ‘खेडा खरेदी’, आणि शेतकरी स्वतः गाडी भरून नेतो तो ‘जिन’. दोहोंच्या भावात अंतर असते. ‘जिनचा भाव’ या शब्दसंहतीत ‘जिन’चा अर्थ केवळ ‘सरकी काढण्याचे यंत्र’ असा दिला, तर कुटुंबाच्या वर्षभराच्या मिळकतीशी निगडित असलेला अर्थच कोशातून निसटतो.

आता उरलेले शब्द. घोड्याच्या पाठीवरचे ‘जीन’ फार्सी आहे. ‘जिनगर’ हा त्याचाच परिवार. फार्सीतील आद्य व्यंजन मराठीत सामान्यतः दंततालव्य ‘ज’ होते, जसे ‘जोर’ किंवा ‘जमीन’ या शब्दांत. परंतु ‘इ’ पुढे असता मराठी ‘ज’ तालव्यच होतो. या एका ध्वनिनियमामुळे खोगीर आणि कारखाना एका उच्चारात येऊन मिळाले. ‘जिन’ म्हणजे अदृश्य योनीतील प्राणी, हा शब्द अरबी. त्याच्या धातूचा अर्थ झाकणे, लपणे असा असून ‘मजनू’ त्याच धातूचा. जैन परंपरेतील ‘जिन’ संस्कृत ‘जि’ धातूपासून, म्हणजे जिंकणारा. मद्यविशेष ‘जिन’ हा डच भाषेतून आलेला, मूळ लॅटिन ‘युनिपेरुस्’ या झुडपाचे नाव. जिनिव्हा शहराशी त्याचा संबंध नाही. जीन नावाच्या जाड कापडाचे नाव मात्र खरोखरच शहरावरून पडले आहे, इटलीतील जेनोआ या शहरावरून. जिनमधील रुईचे सूत आणि सुताचे जीन, असा हा योग आहे. व्युत्पत्तीने जुळवून आणलेला नव्हे, निव्वळ योगायोग.

सातवा शब्द नव्या काळाचा. जीवशास्त्रातील ‘जीन’ हा शब्द योहानसेन याने १९०९ मध्ये ग्रीक मुळावरून घडविला. मराठीत त्यास ‘जनुक’ म्हणतात. गंमत अशी की ‘इंगेनिउम्’मधील ‘गेन्’, ग्रीक ‘गेनोस्’ आणि संस्कृत ‘जन्’ ही तिन्ही एकाच आर्यपूर्वज मुळाची अपत्ये आहेत. २००२ मध्ये भारतात बीटी कापसास अनुमती मिळाल्यापासून खानदेशातील सरकीत एक ‘जीन’ आहे, आणि ती सरकी वेगळी करणारा दुसरा ‘जिन’. हे दोघे दूरचे का होईना, पण नातलग ठरतात. घोड्याचे जीन नाही, अरबी जिनही नाही.

लेखनाचा प्रश्न यातून निघतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार दीर्घ, आणि तत्सम शब्दात मुळाप्रमाणे. त्यामुळे जैनांचा ‘जिन’ ऱ्हस्व, घोड्याचे ‘जीन’ दीर्घ. कारखान्याचे काय? नियम ‘जीन’ मागतो. पण ‘मिल’, ‘बिल’, ‘पिन’ यांनी तो जुमानलेला नाही, आणि पाट्यांवर दोन्ही रूपे दिसतात. शिवाय सामान्यरूपात, मिठाचे ‘मीठ’ जसे ‘मिठात’ होते तसे, सर्वच ‘जिनात’, ‘जिनावर’ असे ऱ्हस्व होऊन भेद पुसला जातो. ऱ्हस्वदीर्घावर विसंबून नोंदी वेगळ्या पाडणे म्हणून फसवे आहे.

अर्थांत जेथे एकातून दुसरा निघाल्याची साखळी दाखविता येते, तेथे एकच नोंद करून पोटअर्थ द्यावेत. जेथे केवळ ध्वनी जुळला, तेथे स्वतंत्र नोंदी. या कसोटीने यंत्र, कारखाना, आवार व विक्रीस्थान हे चार अर्थ एका नोंदीखाली येतात, आणि इंग्रजीतला ‘सापळा’ हा अर्थ मराठीत उतरलेलाच नसल्यामुळे त्यास जागा नाही. ‘जनुक’ या अर्थाचा ‘जीन’ मुळाशी नातलग असूनही वेगळी नोंद मागतो, कारण ते नाते मराठी भाषिकाच्या जाणिवेत नाही. खानदेशात क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून ‘जिन म्हणजे काय’ असे विचारू नये. उत्तरादाखल तो यंत्राकडे नेला जाईल. ‘कापूस कोठे घातला’ असे विचारावे.