रिकिबीतला पाय, टापेखालचा पाय

घोडेस्वारी शिकायला आलेला माणूस पहिल्या दिवशी हेल्मेटची चौकशी करतो, लगाम कसा धरायचा ते विचारतो. आपल्या पायांत काय आहे याचा विचार तो क्वचितच करतो. शिकवणाऱ्याची नजर मात्र आधी तिकडेच जाते, आणि त्याला कारण आहे ती रिकीब.

स्वार रिकिबीत पूर्ण पाऊल घालत नाही. चवड्याचा रुंद भाग तेवढा तिच्या पट्टीवर टेकवतो आणि टाच खाली दाबतो. घोडा बुजला, एकदम बाजूला उडाला, की पाय पुढे सरकतो. बुटाला टाच नसेल तर पाऊल घोट्यापर्यंत रिकिबीतून आरपार जाते. मग स्वार पडतो, पण पाय वरच अडकून राहतो. बाजूला काहीतरी लोंबकळते आहे या भीतीने घोडा आणखी उधळतो आणि माणूस फरफटत जातो. हे टळावे म्हणून स्वारीच्या बुटाला साधारण अडीच सेंटिमीटरची, पुढून सरळ कापलेली टाच असते. तळ मात्र जवळजवळ गुळगुळीत. डोंगर चढायच्या बुटांसारख्या खोल खाचा इथे घातक, कारण प्रसंग आला तर पाय मागच्या मागे सुटला पाहिजे. रिकीबही बुटाच्या तळापेक्षा साधारण अडीच सेंटिमीटरच रुंद हवी. फार अरुंद असली तर बूट रुततो, फार रुंद असली तर टाचेसकट आत जातो.

माथेरानला मोटारींना बंदी, त्यामुळे घोडा तिथले रोजचे वाहन. दस्तुरी नाक्यावरून पर्यटक घोड्यावर बसतात ते बहुधा स्पोर्ट्स शूज नाहीतर सँडल घालून. पळण्याच्या बुटाचा तळ रुंद, फुगीर आणि पकड घेणारा. टाच वेगळी अशी नसतेच. म्हणजे रिकिबीत जे जे नको ते सारे एकाच जोडीत. घोडेवाला लगाम धरून सोबत चालतो आणि घोडा रोजचा सरावलेला असतो, म्हणून बहुतेक वेळा निभावते.

स्वार खाली उतरून तबेल्यात शिरला की हिशेब उलटा होतो. आता भीती अडकण्याची नसून चिरडण्याची. शर्यतीचा थरोब्रेड घोडा साधारण साडेचारशे ते पाचशे किलोंचा. उभ्या घोड्याचे सुमारे साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असते. म्हणजे त्यातला एक पाय खरारा करणाऱ्याच्या बोटांवर पडला, तर दीडशे किलोंच्या आसपास भार, तोही लोखंडी नालेच्या कडेवर. घोडा हे मुद्दाम करत नाही. माशी हाकलायला पाय उचलतो आणि जिथे जागा दिसेल तिथे ठेवतो.

इथे पोलादी टोपीचा बूट कामाला येतो. ती टोपी कापून बोटेच तोडते, अशी एक अफवा तबेल्यांत टिकून आहे. आकडे पाहिले तर ती फारशी पटत नाही. औद्योगिक सुरक्षा बुटांच्या आंतरराष्ट्रीय मानकात टोपीला 200 जूलचा आघात सोसावा लागतो, म्हणजे वीस किलोंचे वजन सुमारे एक मीटरवरून पडावे तसा. शिवाय 15 किलोन्यूटनचा, साधारण दीड टनाचा दाब. उभा घोडा या मर्यादेच्या पुष्कळ आत राहतो. खरी उणीव दुसरीच: टोपी फक्त बोटे झाकते, पावलाची वरची बाजू उघडीच राहते. आणि जाड टोपीचा तोच बूट घालून स्वारी करावी, तर तो नेहमीच्या रिकिबीत रुतू शकतो.

तबेल्यातला दुसरा शत्रू ओला. घोड्याच्या मुतातला अमोनिया, भिजलेला पेंढा आणि लीद चामड्याला आणि शिवणीला खाऊन टाकतात. त्यावर गमबुटाइतका सोपा उपाय नाही. या बुटाच्या पूर्वजाचा धागा आपल्या जालन्यापर्यंत येतो. 1803 साली जिल्ह्यातल्या असई गावी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. लंडनच्या होबी या बूटवाल्याकडून त्याने उंच लष्करी बुटाचा सुटसुटीत, पोटरीला लागून बसणारा अवतार करून घेतला. तो चामड्याचा होता आणि स्वारीसाठी होता. रबराचा झाला 1853 नंतर, हायरम हचिन्सन या अमेरिकनाने फ्रान्समध्ये कारखाना काढल्यावर. आणि स्वाराचा बूट शेतकऱ्याच्या, मोतद्दाराच्या पायात गेला. आता तो घालून पुन्हा घोड्यावर चढणे शहाणपणाचे नाही. घोट्याशी तो इतका ढिला असतो की पाऊल एकीकडे आणि बूट दुसरीकडे वळतो.

दोन्हीकडे चालेल असा मधला मार्ग म्हणजे घोट्याच्या जरा वर येणारा जोधपुरी बूट. 1897 साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवासाठी सर प्रताप सिंग जोधपूरचा पोलो संघ घेऊन इंग्लंडला गेले आणि तिथल्या स्वारांना त्यांच्या तुमानीची भुरळ पडली. तिच्यासोबतचा आखूड बूटही त्याच नावाने रुळला. या जातीच्या बुटांत बक्कल किंवा बाजूला लवचिक पट्टी असते. पट्टीची युक्ती राणीचा बूटवाला स्पार्क्स-हॉल याची. नाडी नाही, म्हणून ती सुटून रिकिबीत गुंतण्याचा प्रश्नही नाही. रिकिबीच्या पट्ट्याने पोटरी सोलवटू नये म्हणून वरून चामड्याचे हाफ चॅप्स चढवायचे. नवशिक्याने सुरुवात याच जोडीने करावी. गुडघ्यापर्यंतच्या उंच बुटांचा मोह पहिल्या वर्षी आवरलेला बरा.

कारण उंच बूट निवडणे हा वेगळाच खटाटोप आहे. माप घ्यायचे ते स्वारीची तुमान घालून, खुर्चीवर गुडघा काटकोनात ठेवून, आणि शक्यतो संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना. दोन्ही पोटऱ्या मोजायच्या आणि जी जाड तिच्यावर जायचे. नवा बूट गुडघ्यामागे टोचला पाहिजे; टोचला नाही तर तो आखूड आहे. चामडे घोट्याशी मऊ पडून दुमडते आणि बूट अडीच ते पाच सेंटिमीटर खाली बसतो. उड्या मारणाऱ्याला घोटा वाकवावा लागतो, म्हणून त्याच्या बुटाला तिथे नाडी असते. ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याकडून ठरावीक शिस्तबद्ध चाली करून घेण्याच्या प्रकारातल्या, स्वाराला पाय स्थिर हवा, म्हणून त्याचा बूट ताठ. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मुंबईचा हृदय छेडा ज्या भारतीय संघात होता, त्याने सुवर्ण जिंकले ते याच ड्रेसाजमध्ये.

खोगीर आणि बुटांसाठी देशात कानपूरचे नाव आहे. बूट कुठूनही घ्या, पावसाळ्यात त्याची देखभाल चुकत नाही. भिजलेला बूट चुलीपाशी किंवा हीटरसमोर ठेवला की चामडे तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवायचा, मग मेण लावायचे, नाहीतर आठवड्यात बुरशी.

या सगळ्या चर्चेत एक माणूस नेहमी सुटतो. स्वार तासाभराने निघून जातो. टापांच्या मध्ये दिवस काढतो तो मोतद्दार, आणि कित्येक तबेल्यांत त्याच्या पायात आजही रबरी चप्पल असते. खोगिराच्या किमतीपुढे पोलादी टोपीचे गमबूट किरकोळ खर्चाचे. ते घोड्याच्या मालकाने घेऊन द्यावेत, आणि देताना त्याला सांगावे की घोडा फिरवायला वर बसशील तेव्हा हे काढून ठेव.