झडप बदलली; आता गोळ्यांकडे लक्ष

हृदयाची झडप बदलायची म्हणजे छाती उघडणे आलेच, अशी आपली समजूत. पण १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रुआँ शहरात डॉ. आलँ क्रिबिए यांनी जांघेतून नळी सरकवून महाधमनीची झडप बसवली. ‘टावी’ नावाची ही पद्धत आता भारतातही रुळली आहे. वयस्कर रुग्ण थोड्याच दिवसांत घरी येतात. घरच्यांची खरी जबाबदारी मात्र तेव्हाच सुरू होते, कारण या उपचारानंतरची एक मोठी गुंतागुंत म्हणजे रक्तस्राव.

मी डॉक्टर नव्हे, कॉलेजात भाषा शिकवतो. त्यामुळे माझे लक्ष आधी शब्दांकडे जाते. आपण म्हणतो ‘रक्त पातळ करायची गोळी’. शेजारच्या कन्नड घरात म्हणतात ‘रक्त तेळ्ळग माडो गुळगी’. दोन्ही भाषांत गैरसमज एकच! या गोळीने रक्त पातळ होत नाही, त्याची गुठळी होण्याची क्रिया मंदावते. म्हणजे गुठळीपासून जे औषध वाचवते, तेच रक्तस्रावही वाढवू शकते.

पहिल्या काही दिवसांत धोका असतो तो जांघेत. नळी जाडसर असल्याने तिथे रक्त साकळते, सूज येते. कधी रक्त आतल्या आत पोटामागे साचते. तेव्हा बाहेर काही दिसत नाही, पण पाठ दुखते, घेरी येते. पुढे काही महिन्यांत भीती असते ती जठर-आतड्यांतील रक्तस्रावाची. वाढलेले वय, मूत्रपिंडाचा विकार आणि आधीचा पंडुरोग असेल तर जपायलाच हवे.

पूर्वी टावीनंतर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा दोन गोळ्या देण्याचा प्रघात होता. तो स्टेंटच्या उपचारावरून आला. २०२० साली युरोपातील ‘पॉप्युलर टावी’ अभ्यासात ६६५ रुग्णांची तुलना झाली. वर्षभरात दोन गोळ्या घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के रुग्णांना रक्तस्राव झाला. फक्त अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत हे प्रमाण १५.१ टक्के होते. हृदयविकाराने मृत्यू, पक्षाघात व हृदयविकाराचा झटका यांचे एकत्रित प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच राहिले.

म्हणून घरी आल्यावर सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. कोणती गोळी कशासाठी आणि किती दिवस, हे विचारून आई-वडिलांना वाचता येईल त्या भाषेत लिहून ठेवा. सांधेदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणू नका. तिने जठरातील रक्तस्राव वाढतो. शौच डांबरासारखे काळे झाले, तर लोहाच्या गोळीमुळे असेल म्हणून स्वस्थ बसू नका, लगेच दाखवा.

आणि हे वाचून कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ज्यांना स्टेंट बसवला आहे किंवा ज्यांची नाडी अनियमित आहे, त्यांचे औषध वेगळे असते. गोळी कमी करायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. विचारायचे काम मात्र आपले.