बोहारणीच्या गाठोड्यातलं संशोधन

जुन्या साड्या घेऊन स्टीलची भांडी देणारी बोहारीण शाश्वत फॅशनच्या चर्चेत क्वचितच दिसते. मानववंशशास्त्रज्ञ लुसी नॉरिस यांनी दिल्लीतल्या अशाच देवघेवीचा माग काढला. त्यावरचं त्यांचं पुस्तक २०१० साली आलं. कपडा कधी टाकायचा, कुणाला द्यायचा, हे नात्यांवरही ठरतं आणि ते उमगायला माणसांमध्ये दीर्घकाळ राहावं लागतं. त्यासाठी पैसा हवा. असा पैसा देणारी विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधक फेलोशिप २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. अशा अभ्यासाऐवजी हा निधी कापड रंगवताना निघणाऱ्या सांडपाण्यावरील उपायांना द्यावा, हा आक्षेप बिनबुडाचा नाही. ते काम तातडीचंच आहे. पण धागा कितीही निर्मळ केला, तरी कपडा किती वर्षं अंगावर राहील हे प्रयोगशाळेत कळत नाही. आजीच्या लुगड्याची गोधडी का होते, हे घराघरांत जाऊनच विचारावं लागतं.