खलनायकाचा प्रोमो: प्रेक्षकांना चीड आणणारे भाषण कसे घडते



माझ्या पिढीला व्यावसायिक कुस्ती माहीत झाली ती केबल टीव्हीमुळे आणि तितकीच पत्त्यांमुळे. नव्वदच्या दशकात शाळेच्या मधल्या सुट्टीत आम्ही कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डे खेळायचो. पत्त्यावर उंची, वजन, छाती, दंड आणि क्रमांक छापलेला असे. ज्याचा आकडा मोठा त्याचा डाव. पण या धंद्यात तिकिटे ज्या गुणावर विकली जातात, तो त्या पत्त्यावर कुठेच नव्हता. तो गुण म्हणजे माईक हातात घेऊन बोलता येणे.

या पाठात आपण त्या बोलण्याचा, आणि त्यातही खलनायकाच्या बोलण्याचा अभ्यास करणार आहोत. मी शिकवतो यंत्र अभियांत्रिकी. पण संवादकौशल्याच्या तासाला हा विषय घेतला की मागच्या बाकावरची मुलेही वर बघतात, असा माझा अनुभव आहे. कुस्ती पाहिलेली नसली तरी हा पाठ समजेल.

१. आधी काही संज्ञा

अमेरिकी पद्धतीच्या व्यावसायिक कुस्तीत सामन्याचा निकाल आधी ठरलेला असतो. हे आता गुपित नाही. १९८९ मध्ये वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या कंपनीनेच न्यू जर्सी राज्यासमोर आपला खेळ हे मनोरंजन असल्याचे मान्य केले, कारण त्यामुळे क्रीडा आयोगाचे नियम आणि कर टळणार होते. त्याआधी अनेक दशके 'हे सगळे खरे आहे' असा देखावा कसोशीने राखला जाई. त्या देखाव्याला 'केफेब' म्हणतात. नायकाला 'बेबीफेस' किंवा नुसते 'फेस', खलनायकाला 'हील', आणि हीलबद्दल प्रेक्षकांत निर्माण झालेल्या रागाला 'हीट' म्हणतात. नायकाचा खलनायक होणे किंवा उलट होणे म्हणजे 'टर्न'.

'प्रोमो' म्हणजे कुस्तीगिराने कॅमेऱ्यासमोर किंवा रिंगणात केलेले भाषण. शब्द आला तो प्रमोशनवरून, म्हणजे जाहिरातीवरून. हे मूळ लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

२. प्रोमोचे काम काय?

कोणत्याही यंत्राचा भाग तपासताना आपण पहिला प्रश्न विचारतो: यावर भार कोणता येणार? प्रोमोवर येणारा भार एकच असतो. प्रेक्षकाने पुढच्या सामन्याचे तिकीट काढले पाहिजे. १९७० च्या दशकात अमेरिकेत कुस्तीचे वेगवेगळे प्रादेशिक पट्टे होते. कुस्तीगीर स्टुडिओत उभे राहून एकापाठोपाठ अनेक प्रोमो देत. प्रत्येक गावासाठी वेगळा, त्या गावाचे आणि सामन्याच्या दिवसाचे नाव घेऊन. भाषण कितीही जोरदार झाले आणि सभागृह रिकामे राहिले, तर ते भाषण फसले.

इथून एक महत्त्वाचा फरक निघतो. प्रेक्षक खलनायकावर दोन प्रकारे चिडू शकतात. 'हा माणूस हरलेला मला पाहायचाच आहे' हा पहिला राग. 'हा माणूस मला पाहायचाच नाही' हा दुसरा राग. पहिल्याने तिकीट विकले जाते, दुसऱ्याने टीव्हीचे चॅनल बदलले जाते. आवाज दोन्हीत सारखाच येतो, म्हणून नवशिके फसतात.

बढाई मारणारा खलनायक गर्दी खेचतो, हे टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात गॉर्जस जॉर्ज याने दाखवून दिले. रंगवलेले कुरळे केस, झगमगता झगा, आणि रिंगणात अत्तर फवारणारा नोकर असा त्याचा थाट असे. १९६१ मध्ये लास वेगासला त्याची भेट झाली आणि लोक आपल्याला हरताना पाहायलाही पैसे देतात हे आपण त्याच्याकडून शिकलो, असे मुष्टियोद्धा मुहम्मद अली पुढे सांगत असे.

३. उत्तम प्रोमोचे घटक

अ) खलनायकाला स्वतःचे बरोबर वाटते.
२३ मार्च १९९७ रोजी रेसलमेनिया १३ मध्ये ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन लढले. ब्रेट नायक होता आणि ऑस्टिन खलनायक. रक्तबंबाळ ऑस्टिनने शेवटपर्यंत हार कबूल केली नाही, तो शुद्ध हरपेपर्यंत पकडीत राहिला, आणि प्रेक्षक त्याच्या बाजूने झाले. ब्रेट जिंकला, पण त्याने लोक गमावले. दुसऱ्या दिवशी त्याने प्रोमोत अमेरिकी प्रेक्षकांनाच जाब विचारला. मी इतकी वर्षे प्रामाणिकपणे लढलो आणि तुम्ही शिवीगाळ करणाऱ्याला डोक्यावर घेता, हे त्याच्या बोलण्याचे सार होते. यात एकही वाक्य 'मी दुष्ट आहे' असे सांगत नाही. म्हणूनच तोच ब्रेट त्याच भूमिकेत ६ जुलै १९९७ रोजी आपल्या गावी, कॅनडातल्या कॅलगरीत उतरला तेव्हा त्याला नायकाचा जयजयकार मिळाला. भूमिका इतकी सुसंगत होती की केवळ सीमा ओलांडताच अर्थ उलटला.

आ) तक्रारीत सत्याचा अंश असतो.
मिक फोली हा कॅक्टस जॅक या नावाने खेळायचा. अंगावर वाटेल तेवढा मार घेणे ही त्याची ख्याती. १९९४ मध्ये जर्मनीतल्या एका सामन्यात त्याने उजव्या कानाचा मोठा भाग गमावला होता. १९९५ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका छोट्या कंपनीत खेळताना त्याला प्रेक्षकांत एक फलक दिसला. त्याच्या लहानग्या मुलाला छडीने मारा, असे त्यावर लिहिले होते. फोलीने त्या फलकावरच प्रोमो उभा केला. ज्यांच्यासाठी मी शरीर झिजवतो ते लोक माझ्या मुलाबद्दल असे लिहितात, मग यांच्यासाठी रक्त का सांडायचे? आणि त्यानंतर तो मुद्दाम संथ, कंटाळवाणी कुस्ती खेळू लागला. विचार करा, चूक कोणाची होती? प्रेक्षकांचीच. ते प्रेक्षकांना मनातून ठाऊक होते, आणि म्हणूनच त्यांना तो सहन होत नव्हता. खोटा आरोप आपण हसून सोडून देतो. अर्धा खरा आरोप बोचतो.

इ) प्रेक्षकाशी असलेले नाते तो मोडतो.
७ जुलै १९९६ रोजी फ्लॉरिडातल्या डेटोना बीच इथे हल्क होगन खलनायक झाला. ऐंशीच्या दशकात हाच होगन मुलांना व्यायाम करा, प्रार्थना करा, जीवनसत्त्वे घ्या असे सांगायचा. प्रतिस्पर्धी कंपनीकडून आलेल्या स्कॉट हॉल आणि केविन नॅश यांचा गुप्त तिसरा साथीदार तोच निघाला. सामन्यानंतर मुलाखतकार जीन ओकरलंड याच्यासमोर त्याने चाहत्यांनाच झिडकारले. लोकांनी रिंगणात इतका कचरा फेकला की पायाखालची जमीन दिसेना. अनोळखी माणसाचे हेच शब्द लोकांनी मनावर घेतले नसते. बारा वर्षांचा विश्वास हाच त्या रागाचा कच्चा माल होता.

ई) आवाज विचार करून वापरलेला असतो.
बहुतेक विद्यार्थी प्रोमो म्हणजे ओरडणे समजतात. सापाची पिशवी घेऊन येणारा जेक रॉबर्ट्स जवळजवळ कुजबुजत बोलायचा. हळू बोलणाऱ्याचे ऐकायला सभागृहाला स्वतः गप्प बसावे लागते, आणि गप्प बसलेले सभागृह आधीच त्याच्या ताब्यात गेलेले असते. ज्याला ओरडावे लागत नाही, त्याच्याकडे काहीतरी हुकमी आहे अशी शंका ऐकणाऱ्याला येते.

उ) प्रतिस्पर्धी लहान होत नाही.
हा घटक सर्वांत जास्त वेळा विसरला जातो. प्रतिस्पर्धी अगदीच फालतू आहे असे तुम्ही पटवून दिलेत, तर त्याच्याशी होणारा सामना पाहायला कोण येईल? रिक फ्लेअर महागडे सूट, घड्याळे आणि विमानप्रवास यांची बढाई मारायचा. पण तो लढत होता डस्टी ऱ्होड्सशी, प्लंबरच्या मुलाशी. फ्लेअरच्या श्रीमंतीच्या मिरवणुकीमुळेच १९८५ मध्ये ऱ्होड्सला बेकार झालेल्या गिरणी कामगारांच्या आणि मोटार कामगारांच्या वतीने उत्तर देता आले. ते उत्तर आजही प्रोमोचा आदर्श मानले जाते. चांगला खलनायक नायकाच्या उत्तरासाठी अशी जागा सोडतो.

ऊ) शेवट पुढच्या भेटीकडे नेतो.
कोण, कुठे, केव्हा, आणि पणाला काय लागले आहे? या चारांपैकी एकही गोष्ट ऐकणाऱ्याला सांगता आली नाही, तर भाषण रंगले पण जाहिरात झाली नाही. २७ जून २०११ रोजी सीएम पंक लास वेगासमध्ये रॅम्पवर मांडी घालून बसला आणि कंपनीच्या मालकांवरच तुटून पडला. शेवटी त्याचा माईक बंद करण्यात आला. त्या भाषणाची चर्चा होते ती धाडसामुळे. पण त्यात हिशेबही चोख होता: करार १७ जुलैला संपतो, त्याच रात्री शिकागोत जॉन सीनाशी लढत आहे, आणि जिंकलो तर विजेतेपद घेऊन निघून जाईन.

४. स्वस्त राग आणि त्याची किंमत

राग मिळवण्याचा सोपा रस्ताही आहे. ज्या गावात गेलात त्या गावाला नावे ठेवा. ज्या देशाशी युद्ध चालू आहे त्याची बाजू घ्या. सार्जंट स्लॉटर हे अमेरिकी सैनिकाचे पात्र आखाती युद्धाच्या काळात इराकचे समर्थक केले गेले, आणि जानेवारी १९९१ मध्ये, युद्ध सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले असताना, त्याला विजेताही करण्यात आले. आरडाओरडा भरपूर झाला. पण त्या वर्षीचा रेसलमेनिया लॉस एंजेलिसच्या अवाढव्य मैदानावरून शेजारच्या लहान सभागृहात हलवला गेला. कंपनीने कारण सांगितले सुरक्षेचे. तिकिटे खपत नव्हती, असे अनेक जाणकारांचे मत आहे.

याहून अवघड उदाहरण मुहम्मद हसनचे. २००४ च्या अखेरीस आलेले हे पात्र अरब वंशाच्या अमेरिकी तरुणाचे होते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आपल्याकडे संशयाने पाहिले जाते, ही त्याची तक्रार. ती करणारा नट इटालियन वंशाचा होता. आपल्या घटक 'आ' प्रमाणे पाहिले तर प्रोमो उत्तम: तक्रार खरी, बोलणे स्पष्ट. पण खलनायक तोच असल्यामुळे, भेदभावाची खरी तक्रार करणाऱ्याची हुर्यो उडवणे हेच प्रेक्षकांचे काम ठरले. ७ जुलै २००५ रोजी त्याच्या सांगण्यावरून बुरखाधारी माणसे हल्ला करतात असे दृश्य प्रसारित झाले. त्याच दिवशी लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले होते. वाहिनीने त्याला नको म्हटले आणि त्याच महिन्यात पात्र संपवले गेले.

२०१७ मध्ये हा प्रश्न आपल्या दाराशी आला. कॅलगरीत जन्मलेला, पंजाबी आईवडिलांचा जिंदर महाल २१ मे रोजी रँडी ऑर्टनला हरवून विजेता झाला. मी वेगळा दिसतो म्हणून तुम्ही माझी हुर्यो उडवता, असे तो अमेरिकी प्रेक्षकांना सुनवायचा, आणि मध्येच पंजाबीत बोलायचा. भारतात पाहणाऱ्या अनेकांना प्रश्न पडला असेल की आता आपण टाळी द्यायची की हुर्यो? मग सप्टेंबरमध्ये त्याच जिंदरला जपानी प्रतिस्पर्धी शिन्सुके नाकामुराच्या चेहऱ्याची आणि बोलण्याची टिंगल करायला लावले गेले. सभागृहातूनच 'हे अति झाले' अशा अर्थाच्या घोषणा आल्या. प्रेक्षक पहिल्या रागातून दुसऱ्या रागात गेल्याचे ऐकू येण्याचे हे उदाहरण आहे.

५. वर्गातला एक अनुभव

काही वर्षांपूर्वी मी वर्गाला दोन मिनिटांचा खलनायकी प्रोमो लिहून आणायला सांगितले. एका हुशार मुलाने वर्गातल्याच एका मुलाच्या इंग्रजी उच्चारांची नक्कल केली. वर्ग खदखदून हसला. मीही हसलो आणि गुण चांगले दिले. तो दुसरा मुलगा पुढचे चार तास आला नाही. भेटायला बोलावले तेव्हा म्हणाला, "सर, त्याने उत्तर द्यायला मला कुठे जागा ठेवली होती?"

घटक 'उ' मी त्या दिवशी त्याच्याकडून शिकलो. रिंगणात ज्याचा अपमान होतो त्याला तो आधी माहीत असतो, मान्य असतो, आणि शेवटी त्याला त्याची पाळी मिळते. या तीन गोष्टी काढून घेतल्या की उरते ती फक्त टवाळी. म्हणून आता माझ्या वर्गात नियम आहे: प्रोमो जोडीने लिहायचा, समोरच्याने वाचून होकार दिल्याशिवाय बोलायचा नाही, आणि उत्तराचा प्रोमो सक्तीचा. तेव्हापासून भाषणे कमी बोचरी होतील असे मला वाटले होते. झाले उलट. समोरचा होकार देणार हे माहीत असले की दोघेही जास्त मोकळेपणाने आणि खरे लिहितात.

सारांश

प्रोमोचे काम पुढच्या सामन्याची ओढ लावणे. उत्तम खलनायकाला स्वतःची बाजू पटलेली असते, तक्रारीत सत्य असते, प्रेक्षकाशी जुने नाते असते, आवाजावर ताबा असतो, तो प्रतिस्पर्ध्याला मोठा ठेवतो आणि भेटीची वेळ सांगतो. जन्माने मिळालेल्या गोष्टींची टिंगल करून मिळणारा राग स्वस्त असतो आणि लवकर विटतो.

स्वाध्याय

१. 'हरताना पाहायचे आहे' आणि 'पाहायचेच नाही' या दोन रागांत फरक कसा ओळखाल? तुमच्या भाषेतल्या चित्रपटातील किंवा मालिकेतील एकेका खलनायकाचे उदाहरण द्या.
२. ब्रेट हार्टला एकाच भूमिकेत दोन देशांत दोन वेगळे प्रतिसाद का मिळाले?
३. मुहम्मद हसन या पात्राची तक्रार तशीच ठेवून तो नायक असता तर प्रोमोत काय बदलावे लागले असते?
४. जोडीदार निवडा. वसतिगृहातील पंख्याच्या वेगावरून झालेल्या भांडणावर प्रत्येकी दोनशे शब्दांचा प्रोमो लिहा. एकाने खलनायकाचा, दुसऱ्याने उत्तराचा. बोलण्याआधी एकमेकांचे वाचून होकार घ्या.