खिचडी वाढायला बारावी कशाला? एका ‘किंवा’ची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलतानाचं अडखळणं आणि मागची कुकरची शिट्टी तेवढी काढलीय. बाकी जसं बोललो तसंच आहे.)

हा भाग मी रोहण्याहून रेकॉर्ड करतोय. रोहणा म्हणजे वर्धा जिल्हा, आर्वी तालुका. पुलगावहून आर्वीला जाताना लागतं. एरवी मी पुण्यात असतो, बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आहे. सुट्टीत घरी आलो आणि पहिल्याच दिवशी वहिनींनी मोबाइल पुढे केला. व्हॉट्सॲपवर आलेली एक जाहिरात होती.

वहिनी म्हणजे माझ्या चुलत भावाची बायको. वय ३१, शिक्षण सातवी. गेली सहा वर्षं शाळेत पोषण आहार शिजवतात. जाहिरात होती अंगणवाडी मदतनिसाची, आणि खाली लिहिलं होतं : किमान बारावी उत्तीर्ण.

वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, लहान पोराइले खिचडी वाढाले बारावी कायले लागते? रोज तं मीच वाढून रायली ना.”

मला पटकन उत्तर देता आलं नाही. हा भाग म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न. त्यात माझाही एक हात आहे, तोही सांगतो.

आधी नियम समजून घेऊ. फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस, दोघींसाठी किमान शिक्षण बारावी केलं. त्याआधी सेविकेला दहावी लागायची आणि मदतनिसाला सातवी पुरायची. म्हणजे आधीच्या नियमात आमच्या वहिनी बसत होत्या. वयाची अट १८ ते ३५. उमेदवार त्याच गावची रहिवासी हवी. गुणवत्ता यादी लावताना बारावीच्या टक्क्यांसोबत पदवी, पदव्युत्तर, डीएड, बीएड, एमएससीआयटी यांचेही गुण धरले जातात. म्हणजे कागदावर अट बारावीची, पण शर्यत पदवीची. आणि हे कशासाठी? २०२३ च्या वाढीनंतर मदतनिसाला मिळणारं मानधन होतं महिन्याला ५,५०० रुपये. पुढे त्यात भर पडली, पण त्याला पगार म्हणावं असं अजूनही नाही.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. सेविकेचं काम आता नुसतं पोरं सांभाळण्याचं राहिलेलं नाही. मुलांची वजनं-उंची घ्यायची, पोषण ट्रॅकर ॲपमध्ये भरायची, रजिस्टरं ठेवायची, शाळेआधीचं शिक्षण द्यायचं. तिथे बारावी मागितली तर मी भांडणार नाही. मदतनिसाबद्दलही असं सांगतात की पुढे तिलाच सेविका व्हायची संधी मिळते, मग शिकलेली बाई आधीच घेतलेली बरी. मुद्दा चुकीचा नाही. पण त्याचा अर्थ बघा. उद्या मिळेल न मिळेल अशा पदाची अट आजच्या कामाला लावलीय. आजचं काम काय? अंगणवाडी उघडून झाडणं, लेकरं घरून आणणं, खाऊ वाढणं, भांडी घासणं, कुणी रडलं तर कडेवर घेणं.

आता थोडं मुंबईकडे जाऊ, कारण तिथे हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसते. जानेवारी २०१९ मध्ये बातमी आली होती. मंत्रालयाच्या उपहारगृहात वेटरच्या १३ जागा होत्या, अट चौथी पासची. अर्ज आले ७,००० च्या आसपास. निवड झालेल्या १३ जणांपैकी १२ पदवीधर होते आणि एक बारावी पास. अट कमीच होती, तरी जागा पदवीधरांनी भरल्या. ज्याच्यासाठी ती चौथीची अट ठेवली होती, तो या यादीत कुठेच नव्हता.

मग कुणी म्हणेल, पदवीधरांना बंदी घाला. तेही करून झालंय. पंजाब नॅशनल बँकेने शिपायाच्या जागेसाठी अट घातली होती की उमेदवार बारावी पास असावा, पण पदवीधर नसावा. ओडिशातल्या एका उमेदवाराने आपली पदवी लपवून अर्ज केला, त्याची निवडही झाली, मग ते उघड झालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये निकाल बँकेच्या बाजूने लागला. कायद्याने ते बरोबरच असेल. पण विचार करा, एक पोरगा तीन वर्षं शिकून मिळवलेली पदवी लपवतोय, कारण ती त्याच्या पोटाच्या आड येतेय.

म्हणजे एकीकडे कागद नाही म्हणून वहिनी बाहेर, दुसरीकडे कागद आहे म्हणून तो पोरगा बाहेर. दोन्हीकडे काम येतं का, हे कुणी विचारलंच नाही.

हे असं का होतं? इथे माझी गोष्ट येते.

तीन वर्षांपूर्वी मी नोकरभरतीच्या एका सॉफ्टवेअरवर काम करत होतो. आमच्या एका ग्राहकाला गोदामात माल उचलून पॅक करणारी माणसं हवी होती. जागा थोड्या, अर्ज ढिगाने. त्यांचा एचआरवाला कॉलवर म्हणाला, “यार, लिस्ट छोटी करून दे. ग्रॅज्युएट नसेल तर डायरेक्ट रिजेक्ट टाक.” मी टाकलं. एका ओळीची अट. वीस मिनिटांत काम झालं, टेस्टिंग झालं, लिस्ट छान छोटी झाली. खोकं उचलायला पदवी कशाला, हा प्रश्न मला त्या दिवशी पडलाच नाही.

मग एके रात्री माझ्या आतेभावाचा फोन आला. बारावी पास, बुटीबोरीला गोदामात दोन वर्षं काम केलेला. त्याने एका ठिकाणी अर्ज केला होता आणि दोन मिनिटांत नकाराचा मेल आला. तो मला म्हणाला, “दादा, रात्री साडेअकराले कोण वाचत बसलं असन माहा अर्ज?”

कुणीच नाही, हे मला माहीत होतं. ती आमची सिस्टीम नव्हती, पण तशीच एक ओळ माझ्यासारख्याच कुणीतरी लिहिलेली होती.

तेव्हा मला हा सगळा व्यवहार कळला. पदवीची अट ही चाळणी आहे. कुठल्याही चाळणीला खर्च येतो. माणसाला बोलावून अर्धा दिवस काम करून घेतलं, तर तो खर्च मालकाचा. पदवी मागितली, तर तो खर्च उमेदवाराच्या घरचा : तीन वर्षांची फी, एसटीचा पास, पुस्तकं, आणि तेवढा काळ बुडालेली कमाई. मालकाला चाळणी फुकटात मिळते. म्हणून ती इतकी आवडते.

अर्थशास्त्रात यावर मायकेल स्पेन्सचा १९७३ चा प्रसिद्ध लेख आहे, पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. साध्या भाषेत सांगायचं तर, पदवीने कामातलं काहीच शिकवलं नाही तरी ती खूण म्हणून चालते, कारण ती मिळवायला सगळ्यांना सारखेच कष्ट पडत नाहीत. पण ज्याच्या घरी पैसा नाही किंवा जिचं लग्न सतराव्या वर्षी लागलं, तिलाही ती मिळवणं जड जातं. खूण मग हुशारी कमी आणि घरची परिस्थिती जास्त सांगते.

आमच्याकडे कापूस विकायला नेला की व्यापारी गाडीत हात घालतो, मूठभर कापूस काढतो, धागा ओढून बघतो, ओल बघतो. बियाण्याच्या पिशवीवर काय छापलं होतं ते विचारत नाही. कापसाला जी वागणूक मिळते ती माणसाला का मिळू नये?

अमेरिकेत हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. नॉर्थ कॅरोलिनात ड्यूक पॉवर नावाची वीज कंपनी. तिथे कृष्णवर्णीय कामगारांना फक्त मजुरीच्या खात्यात ठेवलेलं. वरच्या खात्यांत जायला हायस्कूलचा दाखला मागायचे, पुढे त्यात परीक्षांची भर पडली. पण त्या खात्यांत दाखला नसलेले जुने गोरे कामगार आधीपासून व्यवस्थित काम करत होते! १९७१ मध्ये ग्रिग्ज खटल्यात न्यायालयाने सांगितलं की अशा अटीमुळे एखादा समाज बाहेर पडत असेल, तर ती अट त्या कामाशी जोडलेली आहे हे कंपनीने दाखवावं. मला यातला कामाचा भाग एवढाच वाटतो : जे लोक ते काम आज करताहेत, त्यांच्याकडे तो कागद आहे का ते आधी बघा.

आपल्याकडेही थोडं वळण मिळालेलं उदाहरण आहे. २०१८ ची रेल्वेची गट-ड भरती. सुरुवातीला दहावी ‘आणि’ आयटीआय अशी अट होती. पोरांनी आरडाओरडा केल्यावर फेब्रुवारीत ती दहावी ‘किंवा’ आयटीआय अशी झाली. एक शब्द बदलला आणि लाखो पोरांना दार उघडलं. अर्थात ६२,९०७ जागांसाठी एक कोटी नव्वद लाखांच्या आसपास अर्ज आले, हेही खरं. ‘किंवा’ने जागा वाढत नाहीत. गर्दी वाढते आणि ती चाळायचा खर्च भरती करणाऱ्यावर येतो. पण तो त्याच्यावरच यायला हवा, असं मला वाटतं.

आतेभावाच्या फोननंतर मी ऑफिसात तेवढंच मागितलं. अट काढू नका म्हटलं, ‘किंवा’ घाला : पदवीधर किंवा त्याच कामाचा एक वर्षाचा अनुभव. मॅनेजर म्हणाला, ग्राहक ऐकणार नाही. शेवटी पर्याय म्हणून टाकला. काही ग्राहक तो वापरतात, बरेच वापरत नाहीत. एवढंच झालं.

आता वहिनींचा हिशोब. आम्ही दोघं अंगणात बसून कागदावर मांडला. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी, म्हणजे वय ३२. मग दोन वर्षांनी बारावी, वय ३४. मर्यादा ३५. हातात राहिलं एक वर्ष, आणि त्या एका वर्षात गावात जागा निघायला हवी. गावातली जागा रोज निघत नाही, एकदा लागलेली बाई निवृत्तीपर्यंत राहते. मदतनिसाच्या अटीत कुठेतरी ‘किंवा सातवी आणि पोषण आहाराच्या कामाचा पाच वर्षांचा अनुभव’ असं असतं, तर हा कागद मांडायची गरजच नव्हती.

वहिनी फॉर्म भरणार आहेत. गणिताची भीती वाटते म्हणाल्या. मी म्हटलं, रोज साठ पोरांचा तांदूळ-डाळ मोजता, गणित तुम्हाला येतंच. त्यावर म्हणाल्या, “तेच तं म्हणून रायली मी.”

ऐकणाऱ्यांत कुणी दुकानदार असेल, एचआरमध्ये असेल, ग्रामपंचायतीत असेल, तर पुढची जाहिरात लिहिण्याआधी एवढं करा. हे काम आज कोण करतंय आणि त्याचं शिक्षण किती, ते बघा. अर्ध्या दिवसात काम बघून निवड करता येईल का, ते बघा. आणि अट ठेवायचीच असेल, तर तिच्यापुढे एक ‘किंवा’ लिहा.

आणि माझ्यासारखे कोड लिहिणारे असतील, तर ‘डायरेक्ट रिजेक्ट’ म्हणणाऱ्याला एकदा तरी विचारा, कशासाठी?

तुमच्याकडे असा अनुभव असेल तर नक्की कळवा.