लाईट-पाण्यासकट

‘खोली भाड्याने देणे आहे. लाईट-पाण्यासकट.’ अशी पाटी वाचली की परगावाहून आलेल्या माणसाचा जीव भांड्यात पडतो. महिन्याला एकच ठरलेली रक्कम द्यायची, बिलांची कटकट नाही. नोकरीच्या निमित्ताने सातारा आणि सांगली या दोन्ही गावांत माझे भाड्याचे बिऱ्हाड होते. तेव्हा एक गोष्ट उमगली. या ‘सकट’ शब्दाने पैशांचा हिशेब मिटतो, पण माणसांचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

साताऱ्यात पेठेतल्या एका वाड्यात आम्ही राहत होतो. भाडे सगळ्यासकट. मीटर एकच आणि तो मालकांच्या सोप्यात. साताऱ्याची थंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना डिसेंबरात अंघोळीला कढत पाणी का लागते ते सांगायला नको. पण बादलीत हीटर सोडला की पाचव्या मिनिटाला सोप्यातून खाकरण्याचा आवाज येई. माणूस वाईट नव्हता. मीटरची चकती दिवसभर डोळ्यांसमोर गरगरत असली म्हणजे कोणीही खाकरेल. ती आम्ही फिरवतो आहोत की त्यांचीच मंडळी, हे चकती थोडीच सांगणार?

एकदा माझी आई आजारी पडली. रात्रभर दिवा ठेवणे भाग होते. मालकीणबाई चकार शब्द बोलल्या नाहीत. तरी दुसऱ्याच रात्री माझ्या पत्नीने दिवा मालवून कंदील लावला. ज्या विजेचे पैसे आम्ही भाड्यातून देतच होतो, तीच वापरायची आम्हाला चोरी वाटू लागली होती!

पुढे सांगलीत विश्रामबागेत राहायला गेलो. तिथला उन्हाळा म्हणजे पंख्याशिवाय डोळ्याला डोळा लागायचा नाही. तिथल्या मालकांनी आमच्यासाठी सब-मीटर बसवला होता. पहिल्याच दिवशी म्हणाले, “पंखा रात्रभर लावा हो, पण एक तारखेला आकडा आपण दोघांनी मिळून वाचायचा.” वहीत आकडा लिहायचा, दोघांनी सही करायची, पैसे चुकते करायचे. त्या वहीने घरात कधी खाकरणे ऐकू येऊ दिले नाही.

आता तर घरोघरी गीझर आहे, कूलर आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या 100 युनिटांना कमी, 101 ते 300 पर्यंत जास्त, पुढे आणखी जास्त. समजा, मालकांची 90 आणि भाडेकरूची 80 युनिट झाली. मीटर वेगळे असतील तर दोघेही पहिल्याच टप्प्यात राहतात. एका मीटरवर मात्र बेरीज 170 होते आणि 70 युनिटांना वरचा दर लागतो. सब-मीटरने कोणी किती जाळले ते कळते, पण हा चढा दर टळत नाही. त्याला स्वतंत्र मीटरच हवा. 2003 च्या विद्युत कायद्यानुसार वीजजोडणीसाठी मालकाप्रमाणेच जागेत राहणाराही अर्ज करू शकतो.

भांडण झाले की पाणी नाहीतर लाईट तोडायची, ही जुनी रीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 29 नुसार, पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचे पाणी वा वीज मालकाला बंद करता येत नाही. कलम 55 म्हणते, करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा. ती जबाबदारी मालकाची. करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजे लेखी करणे मालकाच्याही हिताचेच.

तेव्हा जून-जुलैत मुलासाठी खोली बघायला निघालेल्या आईवडिलांनी ‘सकट’ म्हणजे काय काय, हे आधी विचारावे. किती युनिटपर्यंत? गीझर धरून की सोडून? पाण्याचा टँकर मागवावा लागला तर पैसे कोणाचे? उत्तरे करारात उतरवून घ्यावीत. विचारताना थोडे अवघडल्यासारखे होईल, पण तेवढे सोसावे. पुढे घरात आजारपण आले, तर निदान दिवा लावताना कोणाला संकोच वाटणार नाही.