अश्वातील जीर्ण आंत्रशोथ : ग्रहणीशी साम्य आणि निदानाची वाट

हिंगोली-वाशीम मार्गावरील कनेरगाव नाका हे गाव मराठवाडा व विदर्भ यांच्या सीमेवर वसलेले आहे. लग्नसराईत या भागात वरातीच्या घोड्यांस मागणी असते, आणि मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. त्यामुळे केवळ मनुष्यांची चिकित्सा करणाऱ्या आम्हां वैद्यांकडे, आणि त्याहून अधिक औषधालयांकडे, अश्वपालक येतात. त्यांची तक्रार बहुधा एकच असते : "डॉक्टरसाहेब, खातंय पण अंगी लागत नाही. एखादं पाचक द्या."

आयुर्वेदास अश्वचिकित्सा परकी नाही. शालिहोत्राची परंपरा, जयदत्ताचे 'अश्ववैद्यक' व नकुलाचे 'अश्वचिकित्सित' आपणांस परिचित आहेत. या वारशाचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्याच्या आधारे मानवी ग्रहणीचे कल्प वजनाच्या प्रमाणात वाढवून घोड्यास देण्याची जी प्रथा काही ठिकाणी दिसते, ती आम्हांस मान्य नाही.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील १५ व्या अध्यायात वर्णिलेल्या ग्रहणीत मलप्रवृत्ती हे मुख्य लक्षण आहे. घोड्यात तेथेच फसगत होते. त्याच्या चाऱ्याचे किण्वन उंडुक व बृहदंत्रात होते. व्याधी केवळ लघ्वंत्रात असेल तर बृहदंत्र पाणी शोषून घेते, लीद घट्टच राहते, आणि जनावर मात्र महिनोन्‌महिने वाळत जाते. अतिसार नाही म्हणून आतडे निर्दोष, असा निष्कर्ष काढता येत नाही.

या व्याधीत आंत्रभित्तीत दाहजनक पेशी साठतात. कोणत्या पेशी साठल्या यावरून ग्रंथिकामय, लसिकापेशीय व इओसिनोफिलयुक्त असे प्रकार मानतात. अन्नरसाचे शोषण घटते व रक्तातील प्रथिने आतड्यात झिरपतात. अल्ब्युमिन घसरले की पोटाखाली व पायांवर सूज येते. ही सूज पाहून शोथघ्न औषधे मागितली जातात, हे आम्ही वारंवार पाहतो.

निदानाचा क्रम वगळण्याचा आहे. प्रथम दात पाहावेत; झिजून धारदार झालेल्या दाढांमुळेही घोडा वाळतो. नंतर कृमी. बृहदंत्राच्या भित्तीत दडून बसलेल्या सूक्ष्म कृमींच्या अळ्या अंडी घालत नाहीत, म्हणून लिदीत अंडी न दिसणे हा निर्वाळा नव्हे. पोटात गेलेली वाळू, यकृतविकार, अर्बुद यांचाही विचार हवा. औषधविक्रेत्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी : लंगडण्यावर दीर्घकाळ दिलेल्या फिनाइलब्युटाझोनने बृहदंत्राच्या उजव्या भागात व्रण होतात व चित्र हुबेहूब असेच दिसते.

यानंतर पशुवैद्यक ग्लुकोज-शोषण चाचणी करतात. उपाशी घोड्यास नाकातून नळीने प्रति किलो १ ग्रॅम ग्लुकोज २० टक्के द्रावणात देतात. ३०० किलोच्या घोड्यास ३०० ग्रॅम, म्हणजे दीड लिटर द्रावण. दोन तासांत रक्तशर्करा मूळ पातळीच्या ८५ टक्क्यांहून अधिक वाढली तर शोषण ठीक, १५ टक्क्यांहूनही कमी वाढली तर जवळपास पूर्ण अपशोषण. सोनोग्राफीत लघ्वंत्राची भित्ती ३ मि.मी.हून जाड दिसणे संशयास्पद मानतात. अंतिम निर्णय मात्र ऊतीच्या तुकड्याचा. गुदमार्गातून घेतलेला तुकडा सोपा, पण तो निर्दोष आला म्हणून वरील आतडे निर्दोष ठरत नाही. कधी लांब दुर्बिणीने ग्रहणीचा तुकडा घ्यावा लागतो.

येथेच आपल्या हातून होणारी हानी लक्षात यावी. लेबल नसलेल्या 'देशी' चूर्णात स्टेरॉइड मिसळलेले असेल तर घोडा चार दिवस तरतरीत दिसतो, अश्वपालक सुखावतो, आणि तुकड्यात रोगाची खूण पुसट होते. दडलेला संसर्ग वाढू शकतो, खुरांचा दाहही उद्भवू शकतो. निदान पक्के झाल्यावर पशुवैद्यक हीच जातीची औषधे देतात, पण ती मोजून आणि नजरेखाली. कुटजासारखे स्तंभन द्रव्य अंदाजाने देणे हेही जोखमीचे. घोड्यास वांती होत नाही, आणि मलावरोधाच्या शूळाने तो एका रात्रीत दगावू शकतो. ज्याच्या घरची चूल त्या एकाच घोडीवर पेटते, त्याला हा प्रयोग परवडणारा नाही.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये हे कार्य नोंदणीकृत पशुवैद्यकाचे आहे. आमच्या भागास परभणी येथील पशुवैद्यक महाविद्यालय जवळचे. तेथे पाठविण्यास संकोच कसला? औषधालयाच्या गल्ल्याजवळ एक कोरी वही ठेवावी व अश्वपालकास चिठ्ठी लिहून द्यावी : वजन किती महिन्यांपासून घटते आहे, भूक कशी आहे, शेवटचे जंतनाशक कोणते व केव्हा दिले, वेदनाशामक किती दिवस चालू होते, आणि आजवर कोणकोणती चूर्णे दिली. सोबत स्वच्छ डब्यात सकाळची ताजी लीद न्यावयास सांगावे, आणि चिठ्ठीत आपल्या दुकानातून गेलेल्या पुडीचेही नाव न चुकता लिहावे.